एकेरी सोडून दुहेरीत जाणं म्हणजे माघार का?

पारिजात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी लेक १५ वर्षांची आहे, आठव्या वर्षापासून बॅडमिंटन खेळते. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत एकेरीत दुसऱ्या फेरीत हरली. दुहेरीत मात्र, जिच्याबरोबर जेमतेम दोन आठवडे सराव केला होता अशा मुलीसोबत, उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिचे सर म्हणाले, "हिचे हात फार चांगले आहेत. पुढच्या वर्षापासून हिला डबल्सची म्हणून तयार करू या."

लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री झोपताना विचारलं, "आई, म्हणजे मी सिंगल्समध्ये नापास का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात आजवर कुणी खेळाडू नाही. म्हणून इथे विचारतेय. व्यावसायिक दुहेरी खेळाडूचं आयुष्य कसं असतं? पैसे कसे मिळतात? जोडीदार सोडून गेली तर काय? आणि ज्यांना एकेरी जमत नाही ते दुहेरीत जातात हे खरं आहे का? कृपया खरं खरं सांगा, मला धीर नको, माहिती हवी आहे.

बॅकहँड

ताई, आधी लेकीला एवढंच विचारा: दोन्हीपैकी कुठला सामना खेळून आल्यावर ती जास्त बडबड करते?

जुनं_कोर्ट

पारिजातताई, मी चौदा वर्षं दुहेरी खेळलो, त्यातली अकरा एकाच जोडीदाराबरोबर. राज्य पातळीच्या वर फार गेलो नाही, पण दुहेरीने मला जे दिलं त्यावर बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो.

"हात चांगले आहेत" हे दुहेरीच्या प्रशिक्षकाच्या तोंडून येणारं सर्वांत मोठं कौतुक आहे. त्याचा अर्थ असा, की फूल (म्हणजे शटल) अंगावर आलं तरी तिची रॅकेट आधीच तिथे पोहोचलेली असते. मनगट आणि बोटं वापरून ती ते हवं तिथे वळवते. पाय मेहनतीने सुधारतात. असे हात मात्र घडवायला फार कठीण.

एकेरीचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद, दुहेरीचं ६.१० मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा वाढते, पण माणसं दुप्पट होतात. त्यामुळे मोकळी जागा शोधून फूल टाकण्याचा खेळ इथे चालतच नाही. मोकळी जागा तयार करावी लागते, आणि ती पहिल्या तीन फटक्यांत करावी लागते. सर्व्हिस, तिचा परतावा, आणि त्यावरचा तिसरा फटका. एकेरीत सर्व्हिस म्हणजे खेळाची सुरुवात. दुहेरीत तिथेच अर्धा गुण ठरतो. सर्व्हिस घेणारा पुढचा पाय रेषेला चिकटवून, रॅकेट डोक्याच्या वर धरून उभा असतो. तुमचं फूल नेटच्या पट्टीपेक्षा चार बोटं जरी वर गेलं तरी तो ते खाली ठोकतो.

आमच्या सरांनी नेटच्या वर वीतभर अंतरावर एक सुतळी बांधली होती. पट्टी आणि सुतळी यांच्या मधून सर्व्हिस काढायची. रोज शंभर. सुतळीला लागली तर मोजायची नाही. पहिल्या दिवशी माझ्या अकरा मोजल्या गेल्या. दोन वर्षांनी नव्वदच्या घरात गेलो. त्या दोन वर्षांत मला कुणी सांगितलं असतं की तू एकेरीत नापास झालास म्हणून इथे आलास, तर मी त्याला ती सुतळी दाखवली असती.

नेटजवळची

काका, सुतळीची आठवण काढलीत! आमच्याकडे जुनी नाडी असायची.

फटका

थोडा वेगळा सूर लावतो. पंधराव्या वर्षी एकेरी पूर्ण सोडू नये असं माझं ठाम मत आहे. एकेरीत पाय तयार होतात, दम तयार होतो, एकटीने संकटातून बाहेर यायची सवय लागते. कोर्टवर मान वळवून बघायला दुसरं कुणी नसतं, हे शिक्षण कुठल्याही दुहेरीच्या खेळाडूला उपयोगी पडतं. सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत दोन्ही खेळू द्या, मग निवड करा. सर चांगले असतील तर त्यांनाही हे पटेल.

जुनं_कोर्ट

फटका, सहमत, पण अर्धा. पाय हवेतच. मात्र एकेरीचे पाय आणि दुहेरीचे पाय वेगळे असतात. एकेरीत मध्यावर परत यायची सवय इतकी मुरते की दुहेरीत खेळाडू फटका मारून आपोआप मध्यावर येतो आणि जोडीदाराच्या वाटेत उभा राहतो. ही सवय अठराव्या वर्षी मोडणं फार जड जातं. दोन्ही खेळू द्या, पण दुहेरीचा सराव "उरलेल्या वेळात" नको.

आकडेमोड

पैशांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

जागतिक दौऱ्यावरच्या स्पर्धांमध्ये बक्षिसाची रक्कम ठरलेल्या टक्केवारीने वाटतात. उदाहरणार्थ २०२३ ची ऑल इंग्लंड. एकूण बक्षीस साडेबारा लाख डॉलर. एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ९२,५००, आणि तेही दोघांत मिळून. म्हणजे प्रत्येकी ४६,२५०. तोच करंडक, तीच फेऱ्यांची चढण, आणि हातात निम्म्याहून थोडं जास्त.

हे शिखरावरचं झालं. खालच्या पायऱ्यांवर, म्हणजे इंटरनॅशनल सिरीज, चॅलेंज, सुपर १००, बक्षीस इतकं थोडं असतं की बहुतेकांचा प्रवासखर्चही त्यातून निघत नाही. महासंघ, सरकार किंवा प्रायोजक यांच्यापैकी कुणीतरी पाठीशी असल्याशिवाय ही वर्षं निघत नाहीत. जोडीतल्या एकीला पाठबळ आहे आणि दुसरीला नाही, तर पाठबळ असलेलीही घरीच बसते. एकटीने जाऊन करणार काय?

दुसरी महत्त्वाची गोष्ट क्रमवारीची. दुहेरीत क्रमवारी जोडीची असते. मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात, आणि ते त्या दोघींच्या नावावर एकत्र असतात. जोडी मोडली की नव्या जोडीची पाटी कोरी.

म्हणून अनेक जण महिला किंवा पुरुष दुहेरीबरोबर मिश्र दुहेरीही खेळतात. जपानच्या युता वातानाबेने २०२१ च्या ऑल इंग्लंडमध्ये दोन्ही जिंकल्या, पुरुष दुहेरी एन्दोबरोबर आणि मिश्र हिगाशिनोबरोबर. पण एका दिवसात दोन सामने, आठवडाभर, वर्षभर. शरीर त्याची किंमत वसूल करतं.

पारिजात

आकडेमोड, मनापासून आभार. निम्मे पैसे ही गोष्ट मला माहीतच नव्हती. एवढी मेहनत करून हे असं? वाईट वाटलं.

बॅकहँड

वाटायलाच हवं. दोघांचा घाम निम्म्या भावाने कसा काय मोजतात, हे मला इतक्या वर्षांत कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

रात्रपाळी

पैशांसोबत प्रसिद्धीचंही सांगतो. २५ ऑगस्ट २०१९, बासेल, जागतिक अजिंक्यपद. त्या दिवशी सिंधूने सुवर्ण जिंकलं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी, त्याच कोर्टवर इंडोनेशियाच्या हेंड्रा सेतियावानने मोहम्मद अहसानसोबत पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. तो त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता! आपल्याकडे किती जणांनी तो सामना पाहिला?

हेंड्राची कारकीर्द म्हणजे दुहेरीचा अख्खा अभ्यासक्रम आहे. मार्किस किडोबरोबर २००७ मध्ये जागतिक विजेता, २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण. मग जोडीदार बदलला. अहसानबरोबर २०१३ आणि २०१५ ला पुन्हा जगज्जेता. मग ही जोडीही फुटली. हेंड्रा मलेशियाच्या टॅन बून हियोंगबरोबर खेळला, अहसानने दुसऱ्याच जोडीदारासह २०१७ ला जागतिक रौप्य जिंकलं. आणि २०१८ मध्ये दोघं परत एकत्र आले, पुढच्याच वर्षी बासेल. २०२५ च्या जानेवारीत दोघांनी एकत्रच निरोप घेतला. हेंड्रा तेव्हा चाळीस वर्षांचा होता. चाळिशीत जागतिक दौऱ्यावर एकेरी खेळणारा कुणी आठवतोय का?

नेटजवळची

हेंड्राला बघताना कधी घाई दिसत नाही. चेहरा तर असा, की सामना जिंकतोय का हरतोय कळणारच नाही. नेटवर उभा राहून नुसती रॅकेट पुढे करतो आणि शटल मरतं. दुहेरीत वय वाढलं की वेग कमी होतो, पण कुठे उभं राहायचं याचं शहाणपण वाढतं. ताई, तुमच्या लेकीपुढे दहा-बारा नव्हे, वीस वर्षं असू शकतात.

निशिगंधा

जोडीदार सोडून गेली तर काय, हा प्रश्न वाचून गप्प राहवेना.

मी वीस वर्षांची असताना माझी जोडीदार आणि मी दोन वर्षं एकत्र खेळत होतो. राष्ट्रीय क्रमवारीत हळूहळू वर चढत होतो. एका निवड शिबिरात सकाळी सूचनाफलकावर जोड्यांची यादी लागली. तिच्या नावासमोर दुसरीचं नाव होतं. माझं नाव खाली, एकटंच. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिला आदल्या रात्री कळलं होतं, पण तिला माझ्याकडे यायचा धीर झाला नाही. आम्ही एकाच खोलीत राहत होतो.

त्या सकाळी मी सराव केला. तिच्याच विरुद्ध. तिची सर्व्हिस कुठे येणार हे मला हात उचलायच्या आत कळायचं आणि तिलाही ठाऊक होतं की मला कळतंय. दोघींचेही फटके नेटमध्ये जात होते.

पुढच्या मोसमात मी पात्रता फेरीपासून सुरू केलं, एका माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान डावखुऱ्या मुलीबरोबर. पहिल्या आठवड्यात आमच्या रॅकेटी दोनदा एकमेकींवर आपटल्या. कारण मी उजवी, ती डावी. मी डाव्या बाजूला आणि ती उजव्या बाजूला असली की दोघींचा फोरहँड मध्यात येतो, दोघी एकदमच झेप घेतो. बाजू उलट झाल्या की मध्यात दोघींचा बॅकहँड, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतो. हे सोडवायला तीन महिने लागले. पण मग तोच आमचा जोर झाला. प्रतिस्पर्ध्यांना आमच्या बाजूंचा हिशोब लागेना.

पारिजातताई, जोडी फुटतेच. कधी दुखापत, कधी निवड समिती, कधी लग्न, कधी नुसतं पटेनासं होतं. लेकीला एकच शिकवा: सोडून जायची वेळ तिच्यावर आली तर जोडीदाराला पहिल्यांदा तिने स्वतः सांगावं. यादीतून कळू देऊ नये.

पारिजात

निशिगंधाताई, हे वाचताना डोळे भरून आले. लेकीलाही वाचायला दिलंय.

मधली_रेघ

अवांतर: लग्न ठरवताना पत्रिका बघण्याऐवजी एक तास मिश्र दुहेरी खेळायला लावावं. मधलं शटल कोण घेतं आणि चुकल्यावर कोण कुणाकडे कसं बघतं, त्यात सगळं कळतं.

बॅकहँड

मधली_रेघ, +१. दुहेरीतला सर्वांत घातक शब्द "तुझं!" तो उच्चारून होईपर्यंत शटल जमिनीवर.

मधली_रेघ

आम्ही दोघं पंधरा वर्षं खेळतोय. आमच्यात "माझं" एवढाच शब्द चालतो. ज्याला घ्यायचं त्याने ओरडायचं.

जुनं_कोर्ट

मधली_रेघ गमतीत बोलले, पण नियम तोच आहे. बचावात दोघं शेजारी-शेजारी उभे असताना स्मॅश ज्याच्या समोरून येतोय त्याने स्वतःचं अंग आणि बाजूची रेघ सांभाळायची. मधलं फूल तिरक्या बाजूच्या जोडीदाराचं. हे आधी ठरलेलं असेल तर ओरडायचीही गरज पडत नाही.

आणि आक्रमणात एक पुढे, एक मागे. पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही, कधीही. मग मागे काय चाललंय ते कळायचं कसं? मला माझ्या जोडीदाराच्या बुटांच्या आवाजावरून कळायचं. एक लांब करकर आणि धप्प म्हणजे तो नीट पोहोचला, स्मॅश येणार, मी नेटवर तयार. दोन-तीन तुटक करकरी म्हणजे उशीर झालाय, तो फूल उंच काढणार, मी लगेच बाजूला सरायचं. तो जाऊन सहा वर्षं झाली. आजही कुठल्या हॉलबाहेरून जाताना बुटांची ती करकर ऐकली की पाय थांबतात.

नेटजवळची

काका... काय लिहिलंय.

हाडवैद्य_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बॅडमिंटनपटू नेहमी येतात. जुनं_कोर्ट यांनी "मागे वळून पाहायचं नाही" लिहिलं, ते डोळ्यांसाठीही महत्त्वाचं आहे. बॅडमिंटनमधल्या डोळ्यांच्या गंभीर दुखापती बऱ्याचदा दुहेरीत होतात. चौघं जण, जवळचं अंतर, नेटवरून थेट येणारं शटल, आणि कधी जोडीदाराचीच रॅकेट. नेटवर उभ्या राहणाऱ्या मुलांना सरावात संरक्षक चष्मा वापरायला सांगा. रोजचा चष्मा नव्हे, खेळाचा खास मिळतो तो.

बाकी दुखणी: मागून सतत स्मॅश करणाऱ्यांचा खांदा आणि कंबर, पुढे वाकून खेळणाऱ्यांचे गुडघे. पंधराव्या वर्षी हाडं अजून वाढतायत, तेव्हा खांद्याचा व्यायाम स्मॅशच्या आधी. आणि दुखतंय हे लपवू नये. दुहेरीत मुलं जास्त लपवतात, कारण "मी बसले तर तीही बसेल" हे डोक्यात असतं.

रात्रपाळी

यावरून सायाका हिरोता आठवली. टोकियो ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. युकी फुकुशिमाबरोबरची तिची जोडी सुवर्णाच्या दावेदारांत होती. ती गुडघ्याला जाडजूड काळा आधारपट्टा बांधून उतरली. फुकुशिमा कोर्टभर धावत होती, तिच्या वाटचंही. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यीफान यांच्याकडून हरल्या, आणि सामना संपल्यावर जिंकलेल्या दोघींनी हिरोताला मिठी मारली. तो सामना मी दोनदा पाहिलाय, तिसऱ्यांदा नाही बघवत.

फटका

हीच माझी भीती आहे. एकेरीत तुमचा गुडघा तुमचा. दुहेरीत दुसऱ्याच्या गुडघ्यावर तुमचं ऑलिंपिक अवलंबून.

निशिगंधा

हो. आणि तुमच्या गुडघ्यावर दुसऱ्याचं. म्हणूनच तर दुहेरीचे खेळाडू इतके जपून बोलतात एकमेकांशी.

सोनचाफा

आपल्याकडच्यांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा या दोघींनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात सुवर्ण आणि २०११ ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. त्याआधी भारताच्या महिला दुहेरीला जागतिक पदक ठाऊक नव्हतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गटात तीनपैकी दोन सामने जिंकूनही त्या बाहेर पडल्या, गुणांच्या फरकात एका गुणाने. एका! त्यांच्याच गटातली जपानची जोडी पुढे जाऊन रौप्य घेऊन गेली.

टोकियोत तेच सात्विकसाईराज आणि चिराग शेट्टी यांच्या वाट्याला आलं. तीनपैकी दोन सामने जिंकले, त्यात तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना २७-२५ अशा तिसऱ्या गेममध्ये हरवलं. तरी गेमच्या फरकाने बाहेर. आणि सुवर्ण कुणी जिंकलं? ज्यांना यांनी हरवलं होतं त्या ली आणि वांग यांनीच. पॅरिसलाही परत तेच जिंकले.

त्यानंतर आपल्या दोघांनी काय करावं? २०२२ ला थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) जिंकणाऱ्या संघात, राष्ट्रकुल सुवर्ण, जागतिक कांस्य. २०२३ ला आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशिया ओपन, हांगझोऊला आशियाई क्रीडा सुवर्ण, आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. पॅरिसला पदक हुकलं, पण २०२५ ला पुन्हा जागतिक कांस्य. हे दोघं सुरुवातीला मागून स्मॅश मारणारेच खेळाडू होते. २०१६ च्या सुमारास मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं, तेव्हा नेटवर जाणार कोण हाच प्रश्न होता. चिराग पुढे खेळायला शिकला. स्वतःची आवडती जागा सोडून देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

जुनं_कोर्ट

सोनचाफा, हांगझोऊच्या सुवर्णाआधी एशियाडमध्ये पुरुष दुहेरीचं पदक १९८२ चं होतं, दिल्ली. लेरॉय डिसा आणि आपले प्रदीप गंधे, कांस्य. मध्ये एकेचाळीस वर्षं गेली. तेव्हा १५ गुणांचा गेम असायचा, सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण, आणि एक सर्व्हर गेला की दुसरा. २००६ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण आणि २१ चा गेम आला, तसा "सेकंड सर्व्हर" हा शब्दच गेला. आम्ही त्या शब्दावर कितीतरी हरलेले गेम परत आणले होते.

आकडेमोड

सर्व्हिसचे नियम तर बदलतच असतात. २०१८ पासून शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच मारलं पाहिजे. उंच खेळाडूंना गुडघे वाकवून नवी सर्व्हिस शिकावी लागली. २०२३ मध्ये शटल बोटांनी फिरवून सोडायची सर्व्हिस निघाली, ती परत येईना, म्हणून त्याच वर्षी बंद केली. दुहेरीत एक फटका बदलला तर कारकीर्द हलते.

नेटजवळची

ताईंच्या लेकीसाठी मी एकच नाव सांगेन: इंडोनेशियाची ग्रेसिया पोली.

२०१२, लंडन. गटात मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला म्हणून महिला दुहेरीच्या चार जोड्या ऑलिंपिकमधून काढून टाकल्या. आठ मुली. सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून हे चाललं होतं. त्यानंतर नियम बदलला, गटातल्या दुसऱ्या क्रमांकांची सोडत नंतर काढायला लागले. त्या आठांत २४ वर्षांची ग्रेसिया होती. तिथे कुणाचीही कारकीर्द संपली असती.

ती खेळत राहिली. २०१६ ला रिओत दुसऱ्या जोडीदारासह पुन्हा ऑलिंपिक. ती जोडीदार थांबली. २०१७ मध्ये तिच्याबरोबर अकरा वर्षांनी लहान अप्रियानी राहायू आली, १९ वर्षांची. आणि २ ऑगस्ट २०२१, टोकियोची अंतिम फेरी. मानांकनसुद्धा नसलेली जोडी. रॅली चालू असताना ग्रेसियाचं गटिंग (रॅकेटची जाळी) तुटलं. ती कोर्टाच्या कडेला धावली, बॅगेतून दुसरी रॅकेट उचलली आणि परत आली. तेवढे क्षण अप्रियानीने एकटीने सगळं कोर्ट धरून ठेवलं. तो गुण त्यांनीच घेतला! सामना २१-१९, २१-१५. इंडोनेशियाचं महिला दुहेरीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, ग्रेसियाच्या तेहतिसाव्या वर्षी.

लेकीला तो सामना दाखवा. त्या रॅलीत अप्रियानी काय करते ते मुद्दाम बघायला सांगा. ग्रेसियाकडे ती एकदाही बघत नाही. ती परत येणार हे तिला माहीत असतं.

फटका

हे मान्य. एकेरीत गटिंग तुटलं तर रॅली बहुतेक गेलीच.

वाचनमात्र

मी कधीच लिहीत नाही, पण एक विचारतो. खेळणं संपल्यावर काय करतात हे खेळाडू?

आकडेमोड

प्रशिक्षण हा सगळ्यात मोठा रस्ता, आणि तिथे दुहेरीवाल्यांची गरज फार आहे. चांगले एकेरीचे प्रशिक्षक मिळतात, दुहेरीचे शोधावे लागतात. डेन्मार्कचा मथियास बो २०१२ चा ऑलिंपिक रौप्यविजेता. त्याने नंतर सात्विक आणि चिराग यांना घडवलं. गेमच्या मध्यंतरात, ११ गुणांवर मिळणाऱ्या त्या साठ सेकंदांत, दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांना एकच गोष्ट पटवायची. ज्याने स्वतः ते केलंय त्यालाच ते साधतं.

हाडवैद्य_नव्हे

शिवाय शिक्षण सोडू नये. माझ्याकडे येणाऱ्यांत ज्यांचं शिक्षण चालू आहे ती मुलं दुखापतीच्या काळात कमी खचलेली दिसतात.

सोनचाफा

पारिजातताई, ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद याही लेकीला दाखवा. २०२२ च्या ऑल इंग्लंडला राखीव म्हणून नाव होतं, दुसरं कुणी गळाल्यावर संधी मिळाली आणि थेट उपांत्य फेरी. पुढच्या वर्षी पुन्हा उपांत्य फेरी. तेव्हा दोघी विशीच्या आतबाहेर होत्या.

बॅकहँड

धागाकर्तीताई, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. कुठल्या सामन्यानंतर जास्त बडबड?

पारिजात

बॅकहँड, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. क्षमस्व.

सगळे प्रतिसाद लेकीने स्वतः वाचले. निशिगंधाताईंचा दोनदा. ग्रेसियाचा सामना आम्ही तिघांनी मिळून पाहिला, ती रॅली पाच वेळा. पैशांचं आणि क्रमवारीचं मी तिच्यापासून लपवलं नाही. सरांशीही बोललो. फटका यांचं म्हणणं त्यांनाही पटलं: दोन वर्षं एकेरी चालू राहील. पण आठवड्यातले तीन दिवस पूर्ण दुहेरीचे, उरलेल्या वेळातले नाहीत.

तिची ती उपांत्य फेरीवाली जोडीदार गेल्या रविवारी घरी आली होती. मी आतल्या खोलीत होते. दोघी जमिनीवर वही घेऊन बसल्या आणि अर्धा तास नुसत्या भांडत होत्या. "तेव्हा ते माझं होतं." "नाही, तू उशीर केलास म्हणून मला यावं लागलं." मला वाटलं झालं, मोडली जोडी. बाहेर येऊन बघते तर वहीच्या पानावर कोर्ट काढलेलं, बाण, फुल्या, आणि दोघी हसतायत. एकेरीचा सामना खेळून आल्यावर ती आजवर इतकं कधीच बोललेली नाही.

दारामागे आता सुतळीही बांधली आहे. काल शंभरातल्या चौदा.

जुनं_कोर्ट

चौदा! माझ्यापेक्षा तीन जास्त. तिला सांगा, काकांनी शाबासकी दिली आहे.

मधली_रेघ

आणि मधल्या शटलचं काय ठरलं?

पारिजात

वहीत लिहिलंय. स्मॅश जिच्या समोरून, तिने रेघ सांभाळायची. मधलं दुसरीचं. खाली दोघींच्या सह्या आहेत.